बिनगुळाचं पाणी

आमच्या सोसायटीच्या गेटवर नवा पहारेकरी आलाय, त्यानं परवा मला अडवलं. हातात मेथीची जुडी आणि पिशवीत थोडे टोमॅटो, एवढाच माझा माल. "आजी, पिशवीत काय आहे?" म्हणाला. मी पिशवी उघडून पुढं धरली, तर त्यानं आत बघितलंसुद्धा नाही. मान हलवली आणि पुन्हा मोबाइलमध्ये तोंड खुपसलं. मला हसू आलं. म्हटलं, बाबा रे, तू आमच्या नाकेदार आबांच्या हाताखाली आठवडाभर काढला असतास ना, तर या मेथीची काडी न् काडी वेगळी केली असतीस आणि वर मलाच विचारलं असतंस, की मेथी एवढी ताजी कशी काय.

तर नाकेदार आबा. आमचे शेजारी, भिंतीला भिंत. मी लग्न होऊन पिंपळे गुरवला आले तेव्हा स्वातंत्र्य मिळून काही वर्षंच झाली होती. गाव म्हणजे नदीकाठची छोटी वस्ती, भोवती ज्वारी-बाजरीची रानं. आणि पवनेच्या पलीकडं, पिंपरीच्या अंगाला, कारखान्यांच्या भिंती नुकत्या वर यायला लागलेल्या.

आबांनी उभी नोकरी पुण्याच्या वेशीवर, मुंबई रस्त्याच्या जकात नाक्यावर काढली. शहरात जाणारी गाडी अडवायची, आत काय आहे ते विचारायचं आणि सांगितलेलं खरं आहे का ते बघायचं. लोक कडब्याच्या गाडीत तुपाचे डबे लपवायचे, कोळशाच्या पोत्यात गुळाच्या ढेपा. त्यासाठी नाक्यावर लांब टोकदार सळई असायची. ती मालात खुपसायची, बाहेर काढायची, टोक दोन बोटांत पुसायचं आणि बोटं नाकाशी न्यायची. तूप असो, तेल असो, गूळ असो, वासाला समजतंच. आबा पेन्शनीत निघाले तेव्हा नाक्यावरच्या मंडळींनी त्यांना शाल आणि नारळ दिला. आबांनी नारळ कानाशी हलवून बघितला, शालीचा काठ उलटा करून बघितला आणि म्हणाले, "हे असू दे. सळई देता का?"

हे मला अनसूयाकाकूंनी सांगितलं. काकू म्हणजे आबांच्या सूनबाई. काकूंचा नवरा लवकर गेला, त्यामुळं घरात तीनच माणसं. आबा, काकू आणि काकूंची मुलगी इंदू. इंदू माझ्याच वयाची, फरक एवढाच की माझं लग्न झालं होतं आणि तिचं व्हायचं होतं. त्या काळी हा फरक फार मोठा वाटायचा.

आमच्या घरांमागून नदीकडं एक पांद उतरायची. दोन्ही बाजूंना निवडुंगाचं कुंपण, मधून एका बैलगाडीची वाट. तिच्या तोंडाशी लिंबाखाली सपाट दगड होता. सकाळचा चहा झाला की आबा खाकी कोट चढवून, सळई मांडीवर आडवी घेऊन त्या दगडावर बसायचे. बारा महिने तोच कोट. नदीला जाणारी, नदीवरून येणारी, भाजी घेऊन निघालेली, सगळ्यांना एकच प्रश्न. "काय आहे आत?" गावाला सवय झाली होती. बायका टोपलीवरचं फडकं आपण होऊनच बाजूला करायच्या. माझ्यासारख्या नव्या सुना मात्र बुट्टी छातीशी धरून भराभर निघून जायला बघायच्या. पहिल्याच दिवशी माझ्या धुण्याच्या बुट्टीकडं एक डोळा बारीक करून म्हणाले,

"काय आहे आत?"

"धुणं, आबा."

"सगळं?"

आता याला काय सांगायचं? मी म्हटलं, "सगळं."

"मग जा. पण सगळं म्हणणारं माणूस बहुतेक काहीतरी विसरलेलं असतं."

नदीवर जाऊन बघते, तर साबणाची वडी घरीच.

आबांच्या कामाची एक रीत होती आणि ती ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. आधी विचारायचं, मग खुपसायचं. न विचारता जो सळई खुपसतो तो नाकेदार नव्हे, तो दरोडेखोर. माणसाला खरं सांगायची संधी आधी दिली पाहिजे. दुसरं, ज्याची गाडी तपासायची त्याच्याकडचं काही खायचं नाही आणि आपल्याकडचं त्याला खायला द्यायचं नाही. तोंड गोड झालं की नजर आंधळी होते, असं त्यांचं म्हणणं. आणि तिसरं, लपवलेल्या मालाला दंड, सांगितलेल्या मालाला नाही. मग तो माल कितीही असो.

माणसांचं सोडा, त्यांचा ऋतूंवरसुद्धा विश्वास नव्हता. संध्याकाळी ओट्यावर बसले की कुठल्यातरी ऋतूला पुढ्यात उभं करून त्याची झडती घ्यायचे. पावसाबद्दल तर फारच संशय. "मुंबईकडून निघतो तेव्हा भरलेला असतो. लोणावळ्याला घाटात थांबतो, निम्म्याच्या वर माल तिथंच उतरवतो आणि आपल्याकडं नुसती गाडी खडखडवत येतो. तुम्ही म्हणता, आला आला. मी म्हणतो, आधी आत काय उरलंय ते बघा." थंडीचं नाव काढलं की मान हलवायचे. "समोरच्या दारानं कधी आलीय का ती? पहाटे पांघरुणाच्या कोपऱ्यातून अंगठ्याशी येते. सरळ चालीची असती तर दिवसा आली असती." आंब्याला ते हातावर तोलून म्हणायचे, "निम्मा ऐवज कोयीचा आहे, गुण मात्र रसाचे गातात." त्यातल्या त्यात उन्हाळ्याशी त्यांचं जमायचं. "त्याच्याकडं लपवायला जागाच नाही. झाडाला पान नाही, विहिरीत पाणी नाही, सगळं उघडं. म्हणून तो मला आवडतो." मग जरा थांबून, "आवडतो म्हणूनच त्याच्यावर जास्त लक्ष ठेवावं लागतं."

नदीपलीकडं कारखान्याचा भोंगा सुरू झाला तेव्हा गाव खूश झालं. बायकांना भाकरी टाकायची वेळ कळायला लागली. आबांनी मात्र अंगणात एक खुंटी ठोकली आणि भोंगा झाला की तिची सावली कुठं पडते ते बघायला लागले. बरेच दिवस बघून झाल्यावर ओट्यावर निकाल दिला.

"भोंगा म्हणे रोज एकाच वेळी होतो. सूर्य तर रोज थोडा थोडा सरकतो. म्हणजे दोघांपैकी एक खोटं बोलतोय."

काकू आतून म्हणाल्या, "भोंग्याला घड्याळ हाय म्हनं, मामंजी."

"असंल. सूर्याला मी लहानपणापासून ओळखतो. भोंगा परवा आलाय."

आबा बोलायचे पुण्यासारखं. रागावले किंवा खूश झाले की मात्र बोलणं गावावर यायचं. म्हणून त्यांच्या तोंडून "हाय" आणि "न्हाई" आलं की आम्ही कान टवकारायचो.

अशा घरात इंदूला स्थळ आलं. शिमगा होऊन गेला होता. देहूचे एक मामा, दूरच्या नात्यातले, मुलाला घेऊनच आले. मुलाचं नाव रंगनाथ. गाव तिकडं मोगलाईत, म्हणजे आमच्याकडं त्या वेळी निजामाच्या मुलखाला म्हणायचे तसं. पलीकडच्या कारखान्यात कामाला लागलेला, कासारवाडीला एका शेतकऱ्याकडं खोली घेऊन राहायचा. सोयरीक जुळत होती. मुलगा काळासावळा, हाडापेरानं मजबूत, फार न बोलणारा. काकूंना बघताक्षणी आवडला. इंदूनं वर मान केली नाही, पण त्या दिवशी तिनं मला तिसऱ्यांदा विचारलं की माझ्याकडं कुंकवाची जादा डबी आहे का, तेव्हा मी काय समजायचं ते समजले.

आमच्याकडं उन्हातून कुणी आलं की गूळ-पाणी द्यायची पद्धत. तांब्या आणि वाटीत गुळाचा खडा. शत्रू आला तरी गूळ चुकायचा नाही. त्या दिवशी इंदू तांब्या-वाटी घेऊन आली तर आबांनी वाटी तिच्या हातून काढून घेतली आणि आपल्या मांडीखाली ठेवली.

"पाणी दे. गूळ राहू दे."

मामांचा चेहरा पडला. रंगनाथनं पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला, ओठ पुसले आणि म्हणाला, "पानी चांगलं हाय."

"विहिरीचं आहे," आबा म्हणाले. "गाव कुठलं म्हणालास?"

"गोदाकाठचं."

"मला जाऊन बघता येईल?"

"लई लांब पडंल. जायाचं तर म्या नेतो."

"तू नेलंस तर तू दाखवशील तेच बघीन." आबांनी एक डोळा बारीक केला. "ज्याचं गाव बघता येत नाही, त्याला तरी नीट बघितलं पाहिजे. दर रविवारी येत जा. उन्हाळा बघू, पावसाळा बघू, हिवाळा बघू. तिन्ही ऋतू झाले की सांगतो."

मामा उठलेच. "आबा, सोयरीक करायची हाय का पीक काढायचं हाय? येवढ्या दिसांत मानूस दोन पोरांचा बाप होतो."

"मग व्हायची काय घाई आहे?"

मामा रागारागानं बाहेर पडले. रंगनाथ मात्र उंबऱ्यात वळून म्हणाला, "ऐतवारी कोनत्या वेळंला येऊ?"

काकू त्या दिवशी माझ्याकडं येऊन बसल्या. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "पोरीचं वय बग की. गावात तिच्या जोडीच्या सगळ्या गेल्या. आनि हे म्हातारं ऋतू मोजतंय." मी म्हटलं, काकू, पण आबा असं का करतात? तेव्हा त्यांनी सांगितलं. आबांना एक मुलगी होती, गंगू. आबा नाक्यावरून रजा काढून घरी आले होते, मार्गशीर्षात स्थळ आलं. मुलगा हसरा, घर भरलेलं, हुरड्याचे दिवस, सगळं कसं आनंदात. एकदाच बघितलं आणि देऊन टाकली. उन्हाळा आला, तिकडं विहिरी आटल्या, बैल मेला, आणि त्या हसऱ्या माणसाचा हात उठायला लागला. रोज. गंगू परत आली ती आजार घेऊनच, आणि फार दिवस राहिली नाही. "तवापासनं ह्यांचं एकच," काकू म्हणाल्या. "म्हंत्यात, हिवाळ्यात सगळीच मान्सं चांगली असत्यात."

संध्याकाळी आबा ओट्यावर थंडीला नावं ठेवत होते, ते मला त्या दिवशी वेगळं ऐकू आलं.

रंगनाथ रविवारी यायला लागला. आबा त्याला दगडाशेजारी बसवायचे, भरपूर प्रश्न विचारायचे, बिनगुळाचं पाणी द्यायचे आणि परत पाठवायचे. जेवायच्या वेळी आला तरी जेवायला नाही. काकू आत तडफडायच्या. दारात आलेला मुलगा उपाशी परत जातोय, हे आमच्याकडं कुणाला सोसायचं नाही. पण आबांची रीत म्हणजे रीत.

वैशाखात नदीला पाणी उरलं नाही. पवनेच्या वाळूत झिरा खणायचे, त्यात वाटीवाटीनं पाणी जमायचं आणि बायका रांगेनं घागरी भरायच्या. एका रविवारी भर दुपारी आबांनी रंगनाथच्या हातात घागर दिली आणि झिऱ्यावर पाठवलं. स्वतः छत्री उघडून बाभळीच्या आडोशाला जाऊन बसले, हा काय करतो ते बघायला. आता खाकी कोटातला माणूस बाभळीआड छत्री लावून बसला तर तो कुणाला दिसणार नाही असं फक्त त्यांनाच वाटत होतं. आम्ही बायका तोंडाला पदर लावून उभ्या. रंगनाथ रांगेत उभा राहिला. एका घाईतल्या बाईनं घागर बुडवून सगळं पाणी गढूळ केलं, तर हा बाजूला उकिडवा बसला आणि गाळ खाली बसेपर्यंत बसून राहिला. मग नारळाच्या नरोटीनं वरचं वरचं घेत घागर भरली.

आबा घरी आले ते कपाळाला आठ्या घालून. काकूंनी विचारलं, "कसा काय वाटला?"

"थांबता येतं त्याला."

"मग चांगलं हाय की."

"थांबणारी माणसं दोन जातीची असतात. काही शहाणी असतात आणि काही टपून बसलेली असतात. हा कुठला ते पावसात कळेल."

पावसात काय कळायचं? तर श्रावणातल्या एका रविवारी नदी दुथडी भरली आणि रंगनाथ आलाच नाही. आबा कोटावर घोंगडं घेऊन दिवसभर दगडावर. संध्याकाळी ओट्यावर मोठ्यानं म्हणाले, "बघितलं? पावसाला भ्याला." इंदू आत परात आपटत होती. पुढच्या रविवारी तो आला तसा आबांनी विचारलं,

"मागल्या खेपेला काय झालं?"

"काठापर्यंत आलो व्हतो. पानी बघितलं आन माघारी गेलो."

"भ्यालास?"

"व्हय."

आबांना बहुतेक दुसरं उत्तर हवं होतं. "नाव होती की."

"नाववाला बी घरी गेल्ता, आबा. म्या बुडून तुमाला काय दाखवायचं व्हतं?"

आबांनी सळई उचलली आणि ते घरात गेले. रात्री जेवताना काकूंना म्हणाले, "खरं बोलतो तो." काकू हरखल्या. तेवढ्यात पुढचं आलं. "खरं बोलणाऱ्यावर जास्त लक्ष ठेवावं लागतं. त्याचं सगळंच खरं वाटायला लागतं."

मग एके दिवशी देहूहून मामा आले. दारातूनच बोलले, आत आले नाहीत. चाकणला एका बागायतदाराची मुलगी आहे, रंगनाथच्या आईला पसंत आहे, दिवाळीच्या आत इकडचं हो-नाही कळलं नाही तर तिकडचा नारळ फोडणार. पोरगं तुमच्या नादानं किती दिवस थांबवायचं? आबा म्हणाले, "हिवाळा राहिलाय." मामा म्हणाले, "मग हिवाळ्याशीच लावा लग्न," आणि चालू लागले. इंदू त्या दिवशी जेवली नाही. ती आबांशी बोलायची नाही असं नाही, त्यांचा चहा, त्यांचं अंघोळीचं पाणी, सगळं वेळेवर. पण पूर्वी आबा आंब्याबद्दल काही बोलले की ती फिदीफिदी हसायची, ते बंद झालं. ऐकणारं हसत नाही म्हटल्यावर आबांचेही ऋतू बंद पडले. ओट्यावर नुसते बसायला लागले.

त्यात रंगनाथला ताप आला. थंडी वाजून यायचा तसला. तो दोन-तीन रविवार आला नाही, आणि दसरा झाल्यावर आला तेव्हा ओळखू येईना. गळ्याचं हाड वर आलेलं, सदरा दुसऱ्याचा घातल्यासारखा. खाणावळीचं जेवण, दुखण्यात कोण बघणार? पण आला. येताना नदीकाठचं गवत कापून त्याचा भारा घेऊन आला होता, घरमालकाच्या म्हशीला. भारा त्यानं आमच्या दोन्ही घरांमधल्या कुंपणाला टेकवून ठेवला आणि आबांजवळ जाऊन बसला.

मी परसात वाळवण काढत होते. बघते तर इंदू पदराखाली काहीतरी घेऊन आली, भाऱ्याची दोरी सैल केली, गाठोडं आत सारलं आणि दोरी होती तशी आवळली. माझ्याकडं बघितलं. मी वाळवणाकडं बघितलं.

आबांचे प्रश्न संपले. रंगनाथ उठला, त्यानं भाऱ्याला हात घातला आणि क्षणभर थांबला. घराकडं एकदा बघितलं. मग भारा गुडघ्यावर घेतला, डोक्यावर चढवला आणि पांदीच्या तोंडाशी आला.

"थांब," आबा म्हणाले. "उचलताना थांबलास का?"

"वझं झालं."

"आणलंस तेव्हा नव्हतं झालं?"

त्यानं डोक्यावरचा भारा सावरला.

"खाली ठेव."

त्यानं भारा दगडाशेजारी ठेवला. आबा उठले आणि त्यांनी सळई घातली ती मुठीपर्यंत. बाहेर काढली, टोक दोन बोटांत पुसलं, बोटं नाकाशी नेली. टोकाला चटणीचं लाल तेल लागलेलं मला कुंपणापलीकडून दिसलं. दारात इंदू चौकट धरून उभी होती, तिच्या मागं काकू. काकूंनी तोंडावर हात धरला होता.

"काय आहे आत?" आबांनी विचारलं.

आता तुम्हीच विचार करा. गवत म्हणावं तर पोरगा खोटा ठरतो, आणि खोट्याला त्या दारात पुन्हा जागा नाही. भाकरी म्हणावं तर इंदू सापडते. लग्न ठरलेलं नाही आणि पोरगी चोरून मुलाला खायला पाठवते, हे गावात गेलं असतं तर काकूंना पाणवठ्यावर तोंड दाखवता आलं नसतं. माझ्या हातातलं सूप मी कधी खाली ठेवलं ते मला कळलं नाही.

रंगनाथनं कपाळावरचा घाम पुसला. म्हणाला,

"गवत हाय. आन गवतासंगं दुसरं बी काही हाय. काय हाय ते म्या बघितलं न्हाई. कुनी ठिवलं ते मला ठावं हाय, पर म्या सांगनार न्हाई. दंड काय असंल तो मला करा."

"सळई लागल्यावर सांगतोयस," आबा म्हणाले.

"तुमी इचारलंच आत्ता."

तो काही चढून बोलला नाही हो. साधंच बोलला, जे झालं ते. पण आबा जागच्या जागी थिजले. हातातल्या सळईकडं बघितलं, भाऱ्याकडं बघितलं, परत सळईकडं बघितलं. उभी नोकरी ज्या माणसानं आधी विचारलं आणि मग खुपसली, ज्यानं न विचारणाऱ्याला दरोडेखोर म्हटलं, त्यानं आज आधी खुपसली होती. दिवाळी तोंडावर आली होती, मामा धमकावून गेले होते, नात हसत नव्हती. संशयाची घाई झाली होती त्यांना.

आबा खाली बसले. कोटाच्या बाहीनं सळई पुसली.

"व्हय रं," म्हणाले. "इचारायचं ऱ्हायलं."

"व्हय" आणि "ऱ्हायलं" ऐकलं तशी काकूंनी तोंडावरचा हात काढला.

"आणि सांगितलेल्या मालाला दंड नसतो," आबा पुढं म्हणाले. परत एकदा बोटं नाकाशी नेली. "लसूण आमच्या घरचा हाय. तिखट जरा जादा पडलंय. घाईत केलेलं दिसतंय." मग घराकडं न बघताच आवाज टाकला, "इंदे, पाणी आण पाहुण्याला."

इंदू तांब्या घेऊन आली. डोळे खाली. रंगनाथनं हात पुढं केला, तर आबांनी तांब्याकडं बघितलं, मग तिच्याकडं बघितलं.

"नुसतं?"

तिला आधी कळलंच नाही. उभीच राहिली. काकूंना कळलं. त्या आत पळाल्या आणि वाटी घेऊन आल्या तेव्हा गुळाची अख्खी ढेप फोडून आणल्यासारखा डोंगर होता तिच्यात. रंगनाथनं एक खडा उचलला. तोंडात टाकला आणि मग पाणी प्यायला.

"आनि हिवाळा, मामंजी?" काकूंनी हळूच विचारलं.

"त्यात काय बघायचंय? हिवाळ्यात सगळीच माणसं चांगली असतात."

लग्न झालं. मामा मिरवत पुढं होते, जसं काही सगळं त्यांनीच जुळवलं. इंदू कासारवाडीला नांदायला गेली आणि आबांना वाटायला लागलं की खरं काम तर आता सुरू झालं. ऋतू पालटला की ते न कळवता तिकडं जाऊन यायचे. उन्हाळ्यात भर दुपारी, पावसाळ्यात चिखल तुडवत, हिवाळ्यात पहाटे. जाताना हातात सळई सोडून काही नाही. काकू म्हणायच्या, पोरीसाठी भाजी न्या, डाळ न्या. आबा म्हणायचे, "तपासायला चाललोय, काही द्यायचं-घ्यायचं नाही." परत आले की ओट्यावर अहवाल. "पाण्याचा माठ भरलेला होता. त्यानंच भरला म्हणे. खरं असावं, त्याची बाही ओली होती." इंदू आता हसत होती, तिकडून हसत होती, आणि इकडं आबांचे ऋतू परत सुरू झाले होते. लोणावळ्यात माल उतरवणाऱ्या पावसाला त्यांनी त्या वर्षी इतक्या शिव्या दिल्या की विचारू नका.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते माघातल्या एका सकाळी. मी माहेरी निघायची होते, बाळंतपणाला, आणि मी परत येईपर्यंत आबा राहिले नाहीत. तिकडं कासारवाडीला इंदूलाही दिवस गेले होते. त्या सकाळी मी नदीवरून वर येत होते, धुक्यानं पांद भरलेली. समोरून आबा उतरत होते. खाकी कोट, टोपी. बघते तर सळई नाही. आणि काखेत एक गाठोडं, जुन्या धोतरात बांधलेलं, कोटाखाली अर्धं झाकलेलं.

मला काय वाटलं कुणास ठाऊक. मी वाटेत आडवी उभी राहिले, बुट्टी कमरेवर, आणि एक डोळा बारीक केला.

"काय आहे आत, आबा?"

आबा थांबले. नाक्यावर थांबावं तसे, सरळ. गाठोडं काखेतून काढून दोन्ही हातांत धरलं. साजूक तुपाचा वास माझ्यापर्यंत आला, आणि तळलेल्या डिंकाचा, आणि सुंठीचा. घरात काकूंना ठाऊक नसणार, ठाऊक असतं तर त्यांनीच नीट डब्यात भरून दिलं असतं. चुलीपाशी आबा हे लाडू कधी वळत बसले होते देव जाणे.

आबांनी धुक्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"गवत हाय," म्हणाले.

मी बाजूला झाले.

ते खाली उतरले. धुक्यात आधी पांढरी टोपी गेली, मग कोट गेला. तुपाचा वास मात्र पांदीत बराच वेळ रेंगाळला होता.